दहा रुपयांच्या आतलं गुप्तधन

मेटल डिटेक्टर हे यंत्र विलायतेत छंदाचं आहे, आमच्याकडे नोकरीचं. तिकडे रविवारी सकाळी एखादे निवृत्त गृहस्थ कानाला हेडफोन लावतात, तबकडी बसवलेली काठी हातात घेतात आणि बागेतून, मैदानातून, नांगरलेल्या शेतातून मान खाली घालून चालत राहतात. घरची समजतात, हवा खायला गेले. क्वचित खरंच काही सापडतंही. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात अशाच एका हौशी माणसाच्या तबकडीखाली अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा मोठा साठा निघाला. त्याची किंमत 32 लाख पौंडांच्या वर ठरली आणि शोधणारा व शेतमालक यांच्यात ती निम्मी निम्मी वाटली गेली. त्यानंतर त्या देशातल्या किती बायकांनी नवऱ्यांना आपणहून हवा खायला पिटाळलं असेल, कोण जाणे.

चंद्रपूर-गडचिरोलीत हे यंत्र ज्यांच्या हातात दिसतं त्यांना हवा खायला सवड नसते. गडचिरोलीच्या आतल्या रस्त्यांवरून पोलिसांची तुकडी जायची असली की बॉम्बशोधक पथक पुढे चालतं. मोरीपाशी, पुलाखाली, नुकत्याच उकरल्यासारख्या दिसणाऱ्या मातीवर तबकडी फिरते. 1 मे 2019 ला, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं आहे, तिथे यंत्र गप्प राहिलं तर दिवस चांगला. छंदवाल्यांचा हिशेब नेमका उलटा.

इकडे ताडोबाच्या बाजूलाही तेच. 2012 च्या एप्रिलमध्ये पळसगाव परिक्षेत्रात दोन वाघ शिकाऱ्यांनी लावलेल्या लोखंडी जबड्यांच्या सापळ्यांत अडकले, त्यातला एक मेला. असे सापळे पालापाचोळ्याखाली, पाणवठ्याच्या वाटेवर पुरलेले असतात. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाहीत आणि वाघाला दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून वाघांच्या जंगलांत गस्त घालणाऱ्या वनरक्षकांच्या हातीही हे यंत्र आलं. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात पाणवठ्याभोवती तबकडी फिरवणाऱ्या त्या माणसाला कुणी सांगितलं की अमुक देशात लोक हे मजेखातर करतात, तर तो पाणी पिऊन घेईल आणि मग हसेल.

अशा मुलखात आमच्या शेजारच्या साहेबांना हा छंद जडला. साहेब वीज केंद्रातून निवृत्त झालेले. मुलगी विलायतेत असते, तिने येताना यंत्र आणलं. बाबांनी दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या ऐकून घरच्यांशी भांडू नये, एवढाच तिचा उद्देश होता. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत म्हटलं होतं की नवशिक्याने सार्वजनिक बागेत किंवा खेळाच्या मैदानात सुरुवात करावी. माणसं जास्त तिथे सांडलवंड जास्त, शिवाय माती मऊ. पुस्तिका लिहिणाऱ्याने आमची मे महिन्यातली माती पाहिली नव्हती, पण ते असो.

साहेब पहिल्या दिवशी कॉलनीच्या बागेत उतरले तेव्हा योगासनं करणारं मंडळ शवासनातून उठून बसलं.

"काय शोधून राह्यले जी साहेब?"

"काही नाही. छंद आहे."

हे उत्तर आमच्याकडे कुणालाही पटत नाही. माणूस जमिनीत काही शोधतो म्हणजे गुप्तधन शोधतो, ही आपली जुनी खात्री आहे. आजीच्या गोष्टीतला मोहरांचा हंडा, त्यावर वेटोळं घालून बसलेला नाग, अमावस्येच्या रात्री आपल्या आपण सरकणारी कढई, हे सगळं आपल्या मनात अजून जिवंत असतं. फक्त दिवसा ते आपण कुणाला सांगत नाही. यंत्र नव्हतं तेव्हा हे काम पायाळू माणसाकडे होतं. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं, पाणी दिसतं, अशी समजूत. पायाळूला बॅटरी लागत नाही हा त्याचा फायदा. तोटा म्हणजे त्याच्यावर वीज पडते असंही लोक मानतात, त्यामुळे पावसाळ्यात तो कामाचा नाही. यातली गंमत इथपर्यंतच. हंड्याच्या नादाने माणसांचे, लेकरांचे जीव घेतले गेले आहेत. 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधन शोधण्याच्या बहाण्याने केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. त्या मानाने साहेबांचं यंत्र फारच सभ्य. त्याला लिंबू लागत नाही, कोंबडा लागत नाही आणि अमावस्येची वाट पाहावी लागत नाही. चार सेल पुरतात.

यंत्राचं काम ऐकायला सोपं आहे. तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वीज वाहते, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. खाली धातू असला तर त्यात बारीक प्रवाह उठतात, ते आपलं क्षेत्र परत वर पाठवतात आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. मग कानात टूं. तबकडी जमिनीला समांतर ठेवायची, घाई करायची नाही, अंगण सारवताना हात फिरतो तशी ती फिरवायची, दरवेळी आधीच्या पट्ट्यावर थोडी चढवून. ज्याला सारवणं माहीत आहे त्याला वेगळी शिकवणी नको. आमच्या साहेबांना माहीत नव्हतं. ते पहिल्या दिवशी तबकडी झोपाळ्यावाणी हलवत होते आणि दोन्ही टोकांना ती वितभर वर जायची. वहिनींनी ओट्यावरून दोनच शब्दांत सुधारणा सुचवली.

या यंत्राचा पहिला गाजलेला प्रयोगही फसलेलाच आहे, हे साहेबांना मी धीर देण्यासाठी सांगितलं. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे रुतली आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले. यंत्र कुरकुरत राहिलं, गोळी काही मिळाली नाही. अध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी एकाच बाजूला शोधायची मुभा दिली होती. गोळी त्या बाजूला नव्हती. अध्यक्ष सप्टेंबरात वारले.

आमच्याकडे स्प्रिंगांची गादी म्हणजे खुद्द जमीन. चंद्रपूर जिल्ह्यात लोहाऱ्याची टेकडी, गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर, आणि मधल्या मुलखात जागोजाग लालसर, लोह मिसळलेला मुरूम. अशा मातीवर यंत्र आधी जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं: तबकडी खाली-वर करत, माती स्वतः काय बोलते ते यंत्राला शिकवायचं, म्हणजे मग ते तेवढं वगळून ऐकतं. नाही जुळवलं तर ते अखंड ओरडत राहतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. सुरजागडच्या माथ्यावर नेलं तर बिचारं खरंच बोलेल. त्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते, हजारो आदिवासी तिथे जातात. लोखंड आहे म्हणून त्यांना तो डोंगर पवित्र वाटला की आधी पवित्र होता आणि लोखंड नंतर निघालं, हा प्रश्न यंत्राला विचारण्यात अर्थ नाही. आता तिथे मोठमोठी यंत्रं अख्खा डोंगर परवानगीने खणतात. साहेबांना मात्र चार बोटं माती उकरायला तीन माणसांनी हटकलं.

तर या बागेत निघतं काय? सर्वांत आधी बुचं. सोड्याची, शीतपेयांची आणि हो, त्याही बाटल्यांची. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती, ती 2021 मध्ये उठली. गडचिरोलीत 1993 पासून आजतागायत आहे. उद्या एखाद्या पुरातत्त्वज्ञाने आमचं मैदान थराथराने खणलं, तर 2015 ते 2021 या काळातला थर त्याला बुचांशिवाय, स्वच्छ सापडायला हवा. साहेबांच्या अनुभवावरून सांगतो, त्याला तसा थर सापडणार नाही. गडचिरोलीत कदाचित सापडेल, कारण मोहाच्या दारूला बूच लागतच नाही. आणि इथला जो खरा कचरा, खर्ऱ्याची पन्नी, ती या यंत्राला अजिबात दिसत नाही. प्लास्टिकमध्ये घोटलेली सुपारी आणि तंबाखू, धातूचा कण नाही. ज्या वस्तूने अख्ख्या पूर्व विदर्भाची जमीन झाकली आहे तिच्यावरून तबकडी मुक्याने निघून जाते.

ज्येष्ठ नागरिकांच्या बाकाखाली रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. त्यांचा ॲल्युमिनियमचा वर्ख फार आशा लावतो. गणपतीच्या मांडवाचे खिळे. दसऱ्याच्या रावणाची तार. मैदानाच्या कडेला, जिथे आता कुणी भोवरा खेळत नाही, तिथे भोवऱ्याची गंजलेली आर. सायकलचे छर्रे. आणि नाणी.

नाण्यांची एक वेगळीच मजा आहे. ही यंत्रं परदेशी माणसाच्या सोयीने बनलेली. त्याला खिळे नको असतात आणि तांब्या-चांदीची नाणी हवी असतात, म्हणून यंत्राला एक कळ असते: लोखंड वगळ. साहेबांनी खिळ्यांना कंटाळून ती दाबली आणि यंत्राने आपला रुपयाच वगळायला सुरुवात केली. 1992 पासून निघालेला छोटा रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा आहे. नंतर दोन रुपयेही त्याच पोलादाचे झाले. यंत्राला तो बऱ्याचदा खिळाच वाटतो. उलट ब्रिटिशांच्या अमदानीतला, 1943 ते 1947 दरम्यान पाडलेला भोकाचा पैसा ब्रॉंझचा असल्याने गोड आवाज देतो. षटकोनी तीन पैसे, नागमोडी कडांचे दोन आणि दहा पैसे, चौकोनी पाच पैसे, हे ॲल्युमिनियमचे हलके जीवही बोलतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 ला चलनातून गेली. म्हणजे बाजारात जे चालतं ते यंत्राला ऐकू येत नाही आणि यंत्राला जे आवडतं ते बाजारात चालत नाही. पेन्शनीत निघालेल्या माणसाला हे यंत्र आपलं का वाटलं असावं, याचा मला तेव्हा उलगडा झाला.

चालू नाणी शोधायची तर आमच्याकडे त्याचं शास्त्र आधीपासून आहे आणि त्याला सेल लागत नाहीत. जुन्या स्पीकरचं चुंबक, त्याला दोरी. चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून लोक येतात, झरपट नदीत आंघोळी करतात, मनोभावे पाण्यात नाणं टाकतात. नदीकाठच्या गावांतली पोरं पुलाखाली, घाटावर चुंबक टाकून ओढत बसतात आणि पोलादी रुपया इमानदारीने चिकटून वर येतो. भंगार वेचणारी पोरं तेच चुंबक रस्त्यावरून ओढत नेतात. परदेशी यंत्र ज्याला खिळा समजून सोडतं, त्यावर त्यांची दुपारची जेवणं होतात. शोध घेण्याच्या या कलेत नवशिके आम्हीच. आमच्या मध्य प्रांतात सोनझरी नावाचे लोक नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढत आले, आणि पेठेत सराफांच्या दुकानांपुढची धूळ गोळा करून धुणारे झारेकरी तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होते. हे लोक ज्या चिकाटीने खाली बघत, त्यापुढे साहेबांची सकाळ म्हणजे सहलच.

आता कायद्याचं. साहेब जन्मभर नियमाने चाललेले, त्यांनी आधी कायदा वाचला आणि मग झोप गमावली. जमिनीत दडवलेलं धन सापडलं तर काय करायचं हे सांगणारा आपला कायदा 1878 चा आहे आणि त्यातली मर्यादा दहा रुपये. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. माल सरकारी खजिन्यात जमा करायचा, नाहीतर जामीन द्यायचा. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दीडशे वर्षांच्या घरात आलेला हा कायदा त्या दहा रुपयांवर ठाम उभा आहे. आता दहाचं एक नाणं सापडलं तर ते दहा रुपयांहून जास्त नाही, म्हणजे सुटलो. दोन सापडली तर? ती कुणी दडवलेली नसून कुणाच्या खिशातून पडलेली असतात, हा युक्तिवाद साहेबांनी तयार ठेवला आहे. तसाही दहाच्या नाण्याचा आमच्या बाजारात काही भरवसा नाही. खोटं आहे म्हणून दुकानदार ते परत करतात. नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत असं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये जाहीर केलं, पण किराणा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

कायद्यात पुढे वाटणीही आहे. धन फार जुनं असेल, जमीन दुसऱ्याची असेल आणि दोघांत करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक मालकाचा. सरकारला हवंच असेल तर मालाच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ते घेऊ शकतं. 1878 च्या साहेबाला हंड्याचं आकर्षण आपल्याइतकंच होतं असं दिसतं.

जुन्या चंद्रपुरात तर तबकडी बाहेर काढायचीही सोय नाही. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे गोंडराजांच्या परकोटाचे चार दरवाजे, मधल्या खिडक्या, भिंत, बुरूज, हे सारं संरक्षित. 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा लावून हा किल्ला घेतला, म्हणजे खाली काय काय पडलं असेल याची कल्पना करता येते, आणि कल्पनेवरच थांबावं. परवानगीशिवाय तिथे खुरपीही लावता येत नाही, ते योग्यच आहे. मातीतून काढलेलं नाणं म्हणजे फक्त नाणं. कुठल्या थरात, कशाशेजारी पडलं होतं हे त्याच्याबरोबर राहिलं तरच त्याचा इतिहास होतो. या परकोटाचं खरं भलं केलं ते झाडू-कुदळीने. 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या मुलांनी रोज सकाळी जाऊन झाडोरा तोडला, कचरा उपसला, बुरूज मोकळे केले. त्यांच्या हातात डिटेक्टर नव्हता आणि त्यांना अख्खा किल्ला सापडला.

मोठं काही सापडायचंच असलं तर यंत्र लागतही नाही. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. त्या संध्याकाळी सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात आकाशातून जळत काहीतरी आलं आणि मोकळ्या जागेत जवळपास तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळेही मिळाले. चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत असं जाणकारांनी सांगितलं, इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. सकाळी घराघरावर गुढ्यांचे तांबे उभे आणि रात्री वरून हे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं ते नक्कीच होतं, पण 1878 च्या कायद्यात जमिनीतल्या धनाचाच विचार आहे, आभाळातल्या नाही.

साहेबांच्या पिशवीत यांतलं काही नाही. पण बागेत हळूहळू एक बदल झाला. माळी आधी तक्रार करायचा. मग त्याने पाहिलं की हा माणूस गवताची तीन बाजूंनी चकती कापतो, दार उघडावं तशी ती उलटवतो, माती जुन्या वर्तमानपत्रावर काढतो आणि काम झालं की सगळं परत दाबून बसवतो, वर पाणी घालतो. आता तो म्हणतो, "साहेब, जरा त्या गुलाबाकडं बी शोधा ना." गुलाबाची फुकटात खुरपणी होते. आणि एक दिवस एका बाईंनी विचारलं, "काका, तुमच्या मशीनला कानातल्याची फिरकी दिसते का?"

दिसते. तास गेला, पण घसरगुंडीच्या पायथ्याशी, वाळूत दोन बोटं खाली दिसली. सोन्याची, डाळीच्या दाण्याएवढी. वजन मोजण्याच्या लायकीचं नाही, पण फिरकी हरवलेल्या बाईला दागिना हरवल्याचं दुःख नसतं. जोडीतलं एक कानातलं निकामी झाल्याचं असतं, आणि घरी काय सांगायचं हेही असतं. त्यानंतर साहेबांकडे निरोप येऊ लागले. जोडवं, पैंजणाचं घुंगरू, स्कूटरची किल्ली, बारशात पोराच्या हातातून निसटलेली वाळी. बागेतल्या बायका आता त्यांना गुप्तधनाबद्दल विचारत नाहीत. मला विचाराल तर या यंत्राचा आमच्या गावातला योग्य उपयोग हाच. जमिनीत जे शतकानुशतकं आहे ते सरकारचं, देवाचं किंवा खाणीवाल्याचं; कालपरवा जे पडलं ते शेजारणीचं, आणि ते परत करता येतं.

तेव्हा कुणाला हा छंद करायचाच असेल तर आधी नगरपालिकेत विचारा. गडचिरोलीकडे असाल तर ठाण्यात सांगितल्याखेरीज यंत्र पिशवीतून काढूच नका. जंगलात नको, परकोटाजवळ नको. लोखंड वगळायची कळ बंद ठेवा, खिळे निघतील, ते पोरांच्या पायात जाण्यापेक्षा तुमच्या पिशवीत बरे. प्रत्येक खड्डा बुजवा. आणि फिरकी सापडली तर माळ्याकडे ठेवून द्या. बाई येते. फिरकीसाठी बायका हमखास परत येतात.